गादी सुटली, भीती कधी सुटणार?

दसरा उलटला की सिरसाळा आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर बांधाबांध सुरू होते. भांडी, गोधड्या, पीठ-मीठ, कोयते, लहान लेकरे आणि एखादी शेळी असा सगळा संसार ट्रकमध्ये नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली आणि तिच्यातली बरीचशी जुनी देणी भागवण्यात गेलेली. पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, उसाच्या फडाजवळच्या खोपीत काढायचे. कोणाचे बाळंतपण तिथेच होते, कोणाची कंबर तिथेच धरते. हातात चार पैसे आणि मनात सहा महिन्यांची धास्ती, असे हे दिवस. बुवा-बाबांच्या गादीला याहून चांगला मोसम कोणता मिळणार?

लोक गादीवर कसे जातात, बुवा कसा फसवतो, यावर आपल्या समाजात पुष्कळ बोलले जाते. भाषणे होतात, पथनाट्ये होतात, चमत्काराचे प्रयोग करून दाखवले जातात. आज आम्हाला लिहायचे आहे ते गादी सोडून परत आलेल्या माणसांविषयी. त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही. ती परत आली, म्हणजे प्रश्न सुटला असे आपण धरून चालतो. आमचे म्हणणे असे की, खरा कठीण काळ तिथून पुढे सुरू होतो. त्या काळात घरची माणसे आणि वस्ती कशी वागते, यावर ती व्यक्ती सावरते की पुन्हा त्याच दारात जाते, हे ठरते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. कोणी श्रद्धेने कोठे हात जोडतो, त्याच्याविषयी हा लेख नाही. ज्या मेळ्यात जाणे आपल्या हाती असते, पण बाहेर येणे आपल्या हाती राहत नाही, त्या मेळ्याविषयी आम्ही बोलत आहोत. त्याची रीत ठरलेली असते. सुरुवातीला मागणे अगदी लहान असते. पाच अमावास्या या, नारळ ठेवा, दोरा बांधा. तिथे प्रेमाने विचारपूस होते, चहा मिळतो, कोणीतरी आपले गाऱ्हाणे शेवटपर्यंत ऐकून घेते. दिवसभर उन्हात राबणाऱ्या बाईचे म्हणणे घरात कोण ऐकतो? मग हळूहळू सांगणे सुरू होते. माहेरच्यांनी करणी केली आहे, त्यांच्याकडचे पाणी पिऊ नका. डॉक्टरची गोळी बंद करा, गुण येणार नाही. घरातली गुपिते सर्वांसमोर बोलून दाखवा. दुखणे बरे झाले तर बाबांची कृपा, नाही झाले तर तुमची सेवा कमी पडली. आणि शेवटची गाठ : गादी सोडली तर लेकरू दगावेल.

बीड जिल्ह्यात दुखण्याला तोटा नाही. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीने २०१९ साली जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. ओटीपोट दुखते म्हणून दवाखान्यात जावे तर पिशवी काढा म्हणतात, आणि दरबारात जावे तर बाहेरचे आहे म्हणतात. अशा कात्रीत सापडलेल्या बाईला आम्ही तरी मूर्ख म्हणणार नाही.

समजा, अशी एक सून तीन-चार वर्षे एका गादीवर जात होती. दागिना गेला, उचलीतले पैसे गेले, माहेर तुटले. मग एक दिवस पोरगा तापाने फणफणला, अंगाऱ्याने उतरेना. नवऱ्याने उचलून दवाखान्यात नेला, सलाईन लागले आणि पोरगा उठून बसला. त्या दिवसापासून तिने गादी सोडली. गळ्यातला दोरा तोडून फेकला. शेजारीण म्हणाली, "आता बरी आली शुद्धीवर!" सासूबाईंनी हुश्श केले. सगळ्यांच्या दृष्टीने गोष्ट संपली.

तिच्या दृष्टीने मात्र काय होते? रात्री दोन वाजता जाग येते आणि छाती धडधडते. दोरा नाही हे ठाऊक असूनही हात गळ्याकडे जातो. अमावास्या जवळ आली की पोटात गोळा येतो. घरात दूध नासले, म्हैस आटली, नवरा गाडीवरून घसरला, की मनात एकच विचार : कोप झाला. भाजी कोणती करायची इथपासून पोरीचे नाव कोणत्या शाळेत घालायचे इथपर्यंत सगळे विचारून करण्याची सवय लागलेली, त्यामुळे साधा निर्णय घेताना हातपाय गळतात. आणि एक गोष्ट ती कोणालाच सांगत नाही. तिला त्या जागेची आठवण येते. तिथली गाणी, बायकांची सोबत, एकत्र केलेला स्वयंपाक. ज्यांनी लुबाडले त्यांचीच आठवण यावी, याची तिला लाज वाटते. पैसे आपणच काढून दिले, माहेरच्यांना आपणच तोडून बोललो, याची तर फारच.

ही सगळी मनाची जखम आहे. वर्षानुवर्षे एकच भीती ठराविक दिवशी, ठराविक वासात, ठराविक गाण्यात घोळवून भरली, की ती बुद्धीला विचारून उठत नाही. धूप जळाला की भीती उठते, जशी विस्तवाने पोळलेल्या पोराची बोटे चूल दिसताच मागे येतात. "असे काही नसते" हे तिला समजलेले असते. शरीराला ते समजायला वेळ लागतो. काहींना महिने, काहींना वर्षे लागतात.

आणि हो, दूर गेल्याने ही भीती आपोआप सुटत नाही. ऊसतोडीला गेलेली माणसे सहा महिने गादीपासून शेकडो किलोमीटर दूर असतात. कोणाला वाटेल, चला, सुटका झाली. पण खोपीत लेकरू आजारी पडले की भीती तिथेही हजर, आणि फोनवरून नारळाचे पैसेही पाठवता येतात.

आता आमच्या समाजाकडे वळतो, कारण हे पान आपल्याच घरांतून वाचले जाते. बौद्ध घरातली बाई किंवा पुरुष अशा गादीवरून परत येतो, तेव्हा त्याला इतरांपेक्षा एक टोमणा जास्त खावा लागतो : "भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि जाता बुवाकडे? बावीस प्रतिज्ञा विसरलात?" बोलणाऱ्याला वाटते, आपण प्रबोधन केले. ऐकणारा मात्र खाली मान घालून निघून जातो आणि विहाराच्या पायरीवर पुन्हा दिसत नाही. गादीवर त्याला भीती दाखवली, इथे लाज दाखवली. मग त्याने जायचे कुठे? असा टोमणा मारणाऱ्यांनी आपण कोणाचे काम सोपे करतो आहोत, याचा विचार करावा.

खरे तर सोडून येणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाइतके दुसऱ्या कोणाला कळायला हवे? १६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, भुत्ये, आराधी यांची सभा भरली होती. तिथे बाबासाहेबांनी त्यांना स्पष्ट सांगितले की, आमच्याबरोबर यायचे असेल तर हे लाजिरवाणे जिणे सोडा आणि चार लोकांसारखा लग्नाचा साधा संसार करा. बोलणे कठोर होते. पण ते त्यांना सभेला बोलावून, माणूस म्हणून समोर बसवून केलेले होते. ज्यांनी ते ऐकले त्यांना किती सोडावे लागले असेल, हे ध्यानात घ्या. परडी सोडली म्हणजे पोटाचे साधन सोडले, जत्रेतला मान सोडला, लहानपणापासून ऐकलेली देवीची धमकी डोक्यावर घेऊन उद्या सकाळी चूल पेटवायची.

पुढे वीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी दीक्षा घेतली आणि बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या. घराघरांतले देव नदी-विहिरीत गेले. त्या पिढीला भीती वाटली नसेल का? मरीआईच्या साथीच्या गोष्टी ऐकत वाढलेली माणसे होती ती. पण तिथे एक गोष्ट वेगळी होती, आणि आमच्या मते सगळे मर्म तिच्यात आहे. ते सगळे एकत्र बाहेर पडले. आजूबाजूला लाखो माणसे तेच शब्द मोठ्याने म्हणत होती. रात्री भीती वाटली तर शेजारच्या घरातही देव्हारा रिकामाच होता. आज गादी सोडणारी बाई एकटी सोडते. तिची मंडळी सगळी आत राहतात आणि ती एकटी बाहेर. तिला जे पाहिजे आहे ते १९५६ च्या माणसांना आपोआप मिळाले होते : सोबत.

परदेशातही हेच दिसते. अमेरिकेत जिम जोन्स नावाच्या धर्मगुरूने काळ्या-गोऱ्यांच्या समतेचे नाव घेऊन मोठा पंथ उभा केला. त्याच्या मागे गेलेल्यांत गरीब कृष्णवर्णीय कुटुंबे मोठ्या संख्येने होती. वर्णभेदाने पिचलेल्यांना तिथे एका पंक्तीत जेवायला मिळाले, म्हाताऱ्यांना आसरा मिळाला. लोक गेले ते चांगल्या ओढीने गेले. त्याच जोन्सने त्यांना दक्षिण अमेरिकेतील गयाना देशाच्या जंगलात नेऊन बसवले. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी तिथे नऊशेहून अधिक माणसे विषाने मेली, त्यांत तीनशेच्या वर मुले होती. जे थोडे त्या दिवशी बाहेरगावी होते किंवा निसटले, ते वाचले. जगाने त्यांनाही वेडे ठरवले. पण पुढे त्यांतले काही दरवर्षी १८ नोव्हेंबरला ओकलंड शहरातल्या दफनभूमीवर जमू लागले. एकमेकांना भेटायचे, गेलेल्यांची नावे घ्यायची. ज्याला आपले भोगणे समजते अशा माणसाशेजारी बसणे, हेही औषधच आहे.

अमेरिकेतल्याच जुडिथ हर्मन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९९२ साली अशा जखमांवर एक ग्रंथ लिहिला. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटलेल्या बायका, युद्धातून आलेले सैनिक, कैदेतून सुटलेली माणसे यांच्याविषयी त्यांनी सांगितलेला क्रम आपल्या घरालाही लागू पडतो. आधी सुरक्षितता, मग घडलेले सांगणे आणि गेल्याचा शोक करणे, मग पुन्हा माणसांत मिसळणे. आपण नेमके उलटे करतो. आल्या आल्या "सांग काय काय झाले" म्हणून मागे लागतो आणि दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाला चल म्हणतो.

सुरक्षितता म्हणजे काय? गादीच्या लोकांचे फोन येत असतील तर ते घरातल्या दुसऱ्याने घ्यावेत, दारात आले तर उंबऱ्याबाहेरूनच बोलावे. काही दिवस तिला रात्री एकटीला झोपवू नये. पोटभर जेवण आणि पुरी झोप मिळाली पाहिजे. गादीपायी झालेले कर्ज असेल तर ते कोणाचे किती, हे एकदा वहीत लिहून काढावे, कारण न मोजलेले कर्ज मोजलेल्यापेक्षा जास्त छळते. बंद केलेल्या गोळ्या डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू कराव्यात.

आणखी एक साधा उपाय सांगतो. भिंतीवरचे कॅलेंडर घ्या. गादीवर जात असतानाच्या वर्षात घरात कोण कितीदा आजारी पडले, काय नुकसान झाले, ते आठवून मांडा. आता सोडल्यानंतरचेही दर महिन्याला मांडत जा. लेकरांना ताप त्या वर्षीही येत होता. म्हैस त्या वर्षीही आटली होती. तेव्हा त्याला "परीक्षा" म्हणत होते, आता "कोप" म्हणतात. हे तिने स्वतःच्या हाताने मांडलेले पाहिले, की दहा भाषणांनी होत नाही ते होते. मात्र मांडायचे तिने. आपण मांडून तिच्या तोंडावर नाचवायचे नाही.

सांगण्याचे म्हणाल, तर ते तिच्या सवडीने होऊ द्या. नवऱ्यापेक्षा ती नणंदेला सांगेल, नाहीतर वस्तीतल्या एखाद्या म्हाताऱ्या अक्कांना. ऐकणाऱ्याने "मी तेव्हाच म्हणत होते" हे वाक्य गिळून टाकावे. रडू आले तर रडू द्यावे. अंगाला हात लावण्यासारखे काही घडले असेल, तर ते ती सर्वांत शेवटी सांगते किंवा सांगतही नाही. त्यासाठी तिला खोदू नये, आणि सांगितले तर घराच्या अब्रूच्या नावाखाली दाबूही नये. गादीवर वाढलेली मुले असतील तर त्यांच्याकडे वेगळे लक्ष द्या. मोठ्यांना गादीच्या आधीचे आयुष्य आठवते. त्या लेकरांना तेही नसते.

कार्यकर्त्यांना आमची एक विनंती आहे. गादी सोडून आलेल्या माणसाला १४ एप्रिलच्या सभेत व्यासपीठावर उभे करू नका. टाळ्या पडतात, आपल्याला बरे वाटते, पण त्याच्या जखमेचे प्रदर्शन होते. त्याच्याकडून महिन्याभरात प्रतिज्ञा पाठ करून घेण्याचीही घाई नको. एका बाबाच्या ताब्यातून काढून दुसऱ्या कोणाच्या ताब्यात देणे याला मुक्ती म्हणत नाहीत, मग तो दुसरा आपल्या विहारातला पुढारी का असेना. केसमुत्तीच्या कालामांना तथागतांनी सांगितले होते की, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा हा आमचा गुरू आहे म्हणूनही काही मानू नका. बाबासाहेबांनी ३१ मे १९३६ च्या 'मुक्ती कोन पथे' या भाषणाचा शेवट केला, तोही स्वतःवर विसंबा या तथागतांच्या उपदेशाने. ज्याने वर्षानुवर्षे दुसऱ्याला विचारून श्वास घेतला, त्याला लहान-लहान निर्णय स्वतः घेऊ देणे हाच त्या उपदेशाचा घरगुती अर्थ आहे. आज पिठले करायचे की आमटी, हे तिला ठरवू द्या. पौर्णिमेला विहारात यायचे की नाही, हेही.

या संदर्भात अंगुलीमालाची कथा आम्हाला नेहमी आठवते. आपण ती मुलांना सांगतो ती दरोडेखोर शरण आला एवढीच. अट्ठकथेत तिचा आधीचा भाग आहे. त्याचे मूळ नाव अहिंसक. तक्षशिलेत शिकणारा हुशार, आज्ञाधारक मुलगा. सोबतच्या विद्यार्थ्यांनी मत्सराने गुरूचे कान भरले आणि गुरूने गुरुदक्षिणा मागितली ती हजार माणसांच्या बोटांची. गुरूची आज्ञा मोडायची नाही, या एका शिकवणीने अहिंसकाचा अंगुलीमाल झाला. म्हणजे ही गुरूच्या कह्यात गेलेल्या माणसाचीच कथा आहे.

भिक्खू झाल्यावरचा भाग तर आपण सांगतच नाही. त्याचे सगळे लगेच बरे झाले नाही. श्रावस्तीत भिक्षेला गेला की लोक ढेकळे, काठ्या, दगड मारीत. एकदा डोके फुटलेले, पात्र मोडलेले, चीवर फाटलेले अशा स्थितीत तो परत आला. तथागतांनी त्याला हाकलले नाही आणि घडलेले विसरून जा असेही म्हटले नाही. सोसावे लागेल, असे सांगून जवळ ठेवले. त्याआधीची एक गोष्ट आहे. एक बाई बाळंतपणात अडलेली पाहून अंगुलीमालाचा जीव कळवळला. तथागत म्हणाले, तिला जाऊन सांग, जन्मल्यापासून मी जाणूनबुजून जीव घेतलेला नाही, या सत्याने तुझे भले होवो. तो म्हणाला, भगवंत, हे तर खोटे होईल. तेव्हा तथागतांनी वाक्य बदलून दिले : आर्य जन्म झाल्यापासून, म्हणजे संघात आल्यापासून, मी जीव घेतलेला नाही. त्याने तेच जाऊन सांगितले आणि बाई सुखरूप मोकळी झाली, असे सुत्तात येते. चमत्काराचा भाग बाजूला ठेवू. त्या माणसाला काय मिळाले ते पाहू. त्याला मागचे नाकारायला लावले नाही, आणि मागच्यातच बुडूनही ठेवले नाही. अमुक दिवसापासून मी वेगळा आहे, असे खरे वाक्य त्याच्या तोंडी दिले आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याचे काम हाती दिले.

तेव्हा अमावास्येची रिकामी संध्याकाळ कशी भरायची, याचे उत्तर यात आहे. त्या दिवशी तिला एकटी सोडू नका. वस्तीतल्या कोणाची पोरगी बाळंत झाली असेल तर तिकडे सोबत न्या, बचत गटाची वही तिच्याकडे लिहायला द्या, पोरांचा अभ्यास घ्यायला बसवा. ज्या स्वयंपाकात, गाण्यात तिचा जीव रमत होता, त्या गोष्टी काही वाईट नव्हत्या. त्या भीमगीतांच्या तालमीतही असतात, वर्षावासातल्या भोजनदानातही असतात.

घरच्या आधाराने भागत नाही, अशीही वेळ येते. झोप अनेक आठवडे उडाली, जेवण तुटले, कानात आवाज येऊ लागले, जीव द्यावासा वाटू लागला, तर डॉक्टरकडे न्यायलाच हवे. सिरसाळ्याहून परळीमार्गे अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचे सरकारी रुग्णालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे. मनाच्या डॉक्टरकडे जाणे म्हणजे वेडे ठरणे, हा समज सोडावा. कोठल्याही दर्ग्यात, मठात आजारी माणसाला साखळीने बांधू देऊ नये. तमिळनाडूत एरवाडी येथे ऑगस्ट २००१ मध्ये साखळदंडात बांधलेली २८ माणसे आगीत जळून मेली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधण्यास मनाई केली आहे.

गादीचे लोक धमकावत असतील, तर पोलीस ठाणे सिरसाळ्यातच आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडा केला, तो जादूटोणाविरोधी कायदा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाल्यानंतर आला. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. गादी सोडली म्हणून जातीने किंवा पंचांनी वाळीत टाकले, तर त्यासाठी २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. मात्र तक्रार करायची की नाही, कधी करायची, हे ज्याने सोसले त्याने ठरवावे. त्याच्या वतीने आपण पुढारपण करू नये.

ज्यांना कोणाशी बोलता येत नाही, त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' ही फोनसेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६. पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो. हा क्रमांक सगळ्या देशाला एकच असल्यामुळे कर्नाटकातल्या फडावरूनही लावता येतो आणि मराठीत बोलता येते. टोळीसोबत निघणाऱ्यांनी तो मुकादमाच्या फोनऐवजी आपल्याच फोनमध्ये घालून न्यावा.